येण्याचं कारण

स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत
इलियासने टाइप केलं 'हॉस्पिटल मॅनेजमेंट'
आणि माझ्याकडे न बघताच पुढच्या रकान्यात गेला.
थांब, म्हटलं. हॉटेल. हॉटेल मॅनेजमेंट.
"मिरजेत राहून?"
त्याचा काही दोष नाही.
आमच्या गावात रिक्षावाला आधी विचारतो
दवाखाना कुठला,
मग नाव, मग पत्ता.

पडद्यावर तीन कोरे गोल.
तीन वर्षांची पदवी, पुण्यात.
फी वाचून पप्पांनी चष्मा पुसला, परत वाचली.
स्वयंपाकाचा डिप्लोमा,
त्यात पहिल्याच महिन्यात अंडं.
आई म्हणाली, "कांदा येत नाही आपल्या घरात,
आणि तू अंडी फोडणार?
दिवस मावळायच्या आत जेवणारी आपण,
तू रात्री अकराला कुणाला काय वाढणार?"
काका म्हणाले, नर्सिंग कर सरळ.
चौगुल्यांची पोरगी जर्मनीला निघाली बघ.
हॉटेलात काय, पाणीच तर द्यायचं.
त्याला शिकायला काय लागतंय?

मला लगेच बोलता आलं नाही.

आमचं लॉज. नऊ खोल्या, एक जिना,
गरम पाणी पाच ते सात.
इथं कुणी फिरायला येत नाही.
येतात अथणीहून, जतहून, जमखंडीहून,
काखेत एक्सरेचं पाकीट, पिशवीत स्टोव्ह.
भाडं कन्नडमध्ये विचारतात,
मी भाड्याआधी विचारते, ऊटा आयता?
जेवण झालं का, एवढंच.
तेवढ्याने खांदे खाली येतात माणसांचे.
सातवीपासून चाव्या माझ्याकडे.
कुणाचे गुडघे जिना चढणार नाहीत,
कुणाला अँब्युलन्सच्या बाजूची खिडकी नको,
कुणाला विचारायचं पेशंट कसा आहे
आणि कुणाला अजिबात नाही विचारायचं,
हे मला येतं.

असं वाटायचं.

मग सात नंबरचा तो माणूस.
दोघं होती, अकरा दिवस.
बाराव्या रात्री एकटाच आला.
दाराशी तिच्या चपला होत्या.
त्यांना लावून त्याने आपल्या काढल्या, नीट, एका रेषेत.
मी चहा घेऊन गेले
आणि ट्रे धरून नुसती उभी.
चहावर साय धरली.
शेवटी त्यानेच माझ्या हातातून ट्रे घेतला,
म्हणाला, बस बाळ.

तेव्हा वाटलं, याचं कुठंतरी शिक्षण असेल.
असायला पाहिजे.

कोल्हापुरात संस्था बघायला गेलो.
टाय लावलेल्या सरांनी पलंगावर चादर टाकली,
कोपरा दुमडला, खोचला, हात फिरवला.
म्हणाले, याला हॉस्पिटल कॉर्नर म्हणतात.
पप्पा आणि मी एकमेकांकडे बघून हसलो.
हा कोपरा पप्पा वीस वर्षं दुमडतायत,
एका रिटायर वॉर्डबॉयने शिकवलेला, दोन चहांवर.
मी विचारलं, सर,
पाहुणा रात्री एकटाच परत आला तर?
सरांनी पुस्तिका चाळली.
"तक्रारी हाताळणं. दुसरं सत्र."
मग पुस्तिका मिटली, माझ्याकडे नीट बघितलं,
म्हणाले, खरं सांगू, माहीत नाही. तू ये.

म्हणून तिसरा गोल.
फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग, दीड वर्ष.
सकाळच्या पॅसेंजरने जायचं,
संध्याकाळी काउंटरवर हजर.
आईने फक्त विचारलं, डबा किती वाजता लागेल.
काका अजून बोलत नाहीत.

इलियासने शब्द खोडला. अर्धाच खोडावा लागला,
सुरुवात तीच होती.

रात्री पप्पांनी फीची पावती
लॉजच्याच रजिस्टरात चढवली,
दुसरी वही आमच्याकडे नाही.
हात सवयीने चालला.
नाव: सुप्रभा भूपाल मगदूम.
कुठून: मिरज.
कुठे जाणार: कोल्हापूर.
येण्याचं कारण,
या रकान्यात वर पानभर एकच शब्द,
दवाखाना, दवाखाना, खाली खुणेचे ठिपके.
पेन तिथं थांबलं.
"काय लिहू गं?"

तेवढ्यात खाली बेल वाजली.
मीच गेले.